नाकातलं वजन

४ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा खलबत्ता!

सोमवारी संग्रहालय बंद, म्हणून मी घरी. घरी, म्हणून सासूबाईंच्या तावडीत. लेकीचा फोन आला होता. नोकरीच्या गावी तिने आता स्वतंत्र घर घेतलंय भाड्याने. स्वयंपाकघरात काय काय लागेल ते विचारत होती. मी सांगत होते, तेवढ्यात सासूबाईंनी फोन मागून घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या आईचा लोखंडी खलबत्ता तुलाच द्यायचा होता गं. पण तुझ्या आईनं तो भंगारात घातला."

मी समोर उभी होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणसं खून करून, शिक्षा भोगून घरी येतात. माझी शिक्षा काही संपत नाही. आणि मी खून केलेलाच नाही! तो खलबत्ता मी भंगारात घातला नाही, विकला नाही, कोणाला दिला नाही. एक दिवस ओट्याखाली होता, एक दिवस नव्हता. मला माहीत आहे ते एवढंच. किती वेळा सांगितलं. भिंतीला सांगितलं असतं तर तिने एव्हाना मान डोलावली असती.

लेक म्हणाली, "आजी, माझ्याकडे मिक्सर आहे." त्याचंही खापर माझ्यावरच. "बघ, आईनं शिकवलेलं बोलते."

५ नोव्हेंबर, मंगळवार

समितीची बैठक. अध्यक्ष उत्साहात होते. ते उत्साहात असले की मला धडकी भरते. संग्रहालयाला तेवीस तारखेला पंचवीस वर्षं होतात. मोठा कार्यक्रम करायचा, वृत्तपत्रवाल्यांना बोलवायचं, आणि पिवळं विमान दालनाच्या मधोमध आणायचं. "तेच आपलं भूषण," म्हणाले.

भूषण! सगळ्या नऊ विमानांत तेच एक असं आहे की ज्याच्याकडे मला बघवत नाही. बाकीच्यांचं काही नाही. मोठ्या मालवाहू विमानाचा पुढचा अर्धा भाग, पंख्याची पाती नसलेलं हेलिकॉप्टर, छताला टांगलेलं ग्लायडर – त्यांची धूळ पुसताना मी गाणीसुद्धा गुणगुणते. अंगणातल्या लढाऊ विमानावर पारवे बसतात, त्यांच्याशी माझं रोजचं भांडण आहे, पण तेही खेळीमेळीचं. पिवळ्याजवळ गेलं की मात्र डोकं तडकतं.

कारण ते ह्यांचं विमान. लेक आठवीत होती तेव्हा ते ट्रकवरून आलं. शिकाऊ वैमानिकांसाठीचं, पुढे एक आसन, मागे एक आसन, नाकाखाली छोटं चाक. कुठल्याशा बंद पडलेल्या उड्डाणशाळेमागे गवतात पडून होतं. इंजिन गायब, पंखांत उंदरांची बिळं. त्या दिवसापासून ह्यांचा एकही रविवार घरी गेला नाही. आठवडाभर वीज कंपनीत मीटर तपासायचे आणि रविवारी डबा घेऊन संग्रहालयाच्या हँगरमध्ये, विमानांच्या शेडमध्ये. मी मैत्रिणींना सांगायचे, माझी सवत पिवळी आहे आणि तिला पंख आहेत. सगळ्या हसायच्या. मी हसण्यासाठी सांगत नव्हते. हे असेपर्यंत मी त्या हँगरमध्ये पाऊल टाकलं नाही.

हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी समितीने विचारलं – शाळेच्या कार्यालयात इतकी वर्षं काढलीत, आमचं संग्रहालय सांभाळाल का? मी हो म्हटलं. का म्हटलं ते अजून कळलेलं नाही. सवतीचे पाय चेपायला गेले, दुसरं काय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पाचवीच्या मुलांची सहल. "उडतं का?" प्रत्येक विमानापुढे तोच प्रश्न. नाही, बाळा. "मग ठेवलंय कशाला?" मी त्यांना पुढच्या विमानाकडे नेलं. त्यांच्या बाईंनी सहल संपल्यावर हळूच विचारलं, "पण खरंच एखादं उडतं का?"

पंखाखाली चघळलेलं गम सापडलं. तीन रंगांचं.

१० नोव्हेंबर, रविवार

तिकीट खिडकीवरची मुलगी आजारी. म्हणजे दिवसभर खिडकीत मी. मान आखडली.

तिकडे हँगरमध्ये रविवारच्या मंडळींची, म्हणजे ह्यांच्याबरोबर विमानं दुरुस्त करायला यायचे त्यांची, धामधूम. अध्यक्षांनी तंत्रशाळेच्या मुलांकडून पिवळ्या विमानासाठी इंजिन करून घेतलंय. फायबरचं. काळा-चंदेरी रंग, नळ्या, वायरी, सगळं हुबेहूब. ते आज बसवलं. ह्या मंडळींचे म्होरके पाना काका. खरं नाव कोणी घेत नाही, आयुष्य विमानदुरुस्तीत गेलं, खिशात कायम एक पाना. संध्याकाळी खिडकीत डोकं घालून म्हणाले, "वहिनी, इंजिन बसलं! इतक्या वर्षांनी नाक भरलं. डोळ्यांत पाणी आलं हो."

मी म्हटलं, छान. आणि ह्या वाळूच्या गोण्या कोणाच्या?

"नाकातल्या. इंजिन नव्हतं म्हणून वजनाला ठेवल्या होत्या, नाहीतर विमान मागे कलंडतं. आता इंजिन आलं, त्यांचं काम संपलं."

काम संपलं तर उचला ना! आग विझवायच्या नळकांड्यापाशी टाकून गेले. माझा अंगठा ठेचकाळला. म्हातारे झाले तरी वस्तू जागेवर ठेवायची अक्कल नाही. ह्यांचेच मित्र.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

धाकट्या दिरांचा फोन. सासूबाईंना कायमचं त्यांच्याकडे न्यायचं ठरलंय. अठ्ठावीस तारखेला गाडी घेऊन येतील. "वहिनी, तुम्ही नोकरी करता, त्या दिवसभर एकट्या. आमच्याकडे माणसं आहेत." बोलले ते अगदी चांगल्या मनाने.

सासूबाई मात्र फोन ठेवताना मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "तिथं निदान माझ्या वस्तू ठेवल्या जागी सापडतील."

खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. अठ्ठावीस तारीख. मग सकाळचा चहा शांतपणे. पण एक सल आहे. त्या जाणार त्या मला वस्तू विकून खाणारी समजून. तिकडे जाऊन धाकट्या जावेला सांगणार, शेजारणीला सांगणार, आणि मी तिथे "नाही" म्हणायलासुद्धा नसणार.

१६ नोव्हेंबर, शनिवार

छत गळतंय. बादली ठेवली. मालवाहू विमानाखालीही बादली, ते इतक्या वर्षांनी अजून तेल गाळतंय. दोन्ही बादल्या मीच ओतते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी भांडले. ठरवलं होतं की जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पण सासूबाईंनी आवराआवर काढली आहे आणि शेजारच्या काकू मदतीला. एकेक वस्तू हातात घेऊन तिचा इतिहास. शेवटी गाडी तिथेच आली. "खल असा जड, दोन हातांनी उचलायला लागायचा. कडेचा टवका उडाला होता. आईच्या हातून पायरीवर पडला, त्या दिवशी मी जन्मले म्हणे." ही गोष्ट मला पाठ आहे. तो टवका मी स्वप्नातही काढून दाखवीन.

काकू म्हणाल्या, "मग गेला कुठं?"

सासूबाई म्हणाल्या, "हिला विचार."

मी म्हटलं, "काकू, मला विचारा ना. मी सांगते. मी नाही घेतला."

"मग काय त्याला पाय फुटले?"

"फुटले असतील. ह्या घरात राहायचा कंटाळा आला असेल."

काकू पिशवी उचलून निघून गेल्या. सासूबाई खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. जेवायच्या वेळी बाहेर आल्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. म्हणजे समेट. आमच्याकडे समेट असाच होतो.

ह्यांची फार आठवण आली. खलबत्त्याचं पुराण सुरू झालं की हे वर्तमानपत्र बाजूला ठेवायचे, काही बोलायचे नाहीत, गुपचूप उठून भांडी घासायला घ्यायचे. एरवी कधी भांड्याला हात नाही लावला, पण त्या दिवशी हमखास. तेवढाच मला आधार वाटायचा. वाटायचं, तोंडाने नाही बोलत, पण ह्यांना माहीत आहे की मी खोटं बोलत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

विमान मधोमध आणलं. सहा जणांनी ढकललं, सहा जणांनी सूचना दिल्या. टायर एकाच जागी बसून चपटे झाले होते. महिन्यातून एकदा चाकं थोडी फिरवायची असतात, ते माझ्याकडून राहिलं. सवतीच्या पायांकडे दुर्लक्ष झालं.

अध्यक्षांनी छापील पत्र दिलं – कार्यक्रमाच्या दिवशी सर्व विमानांच्या सुरक्षिततेची जबाबदारी व्यवस्थापिकेची. म्हणजे माझी. सही केली. काय होणार आहे? नऊपैकी एकही उडत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

काय होणार आहे, असं लिहू नये कधी.

सकाळपासून सगळं सुरळीत. खुर्च्या भरल्या. तंत्रशाळेचे माजी विद्यार्थी, एक-दोन म्हातारे वैमानिक, वृत्तपत्रवाले. सासूबाईंना येता का विचारलं होतं. "त्या विमानानं माझा मुलगा रविवारचा नेला, मी कशाला बघू," म्हणाल्या. या एका बाबतीत आमचं जमतं.

अध्यक्षांचं भाषण लांबलं. इंजिनावरून लाल कापड बाजूला केलं, टाळ्या झाल्या. फोटोवाला म्हणाला, "साहेब, विमानात बसून एक होऊ दे." पुढच्या आसनात तंत्रशाळेचा मुख्याध्यापक बसणार होता, पण त्याचे गुडघे दुखतात. अध्यक्ष म्हणाले, मी मागे बसतो, मागचंच आसन उंच आहे, फोटो चांगला येईल. शिडी लावली. अध्यक्षांचं वजन समितीत कोणापेक्षाही जास्त आहे, दोन्ही अर्थांनी.

ते बसले. हात हलवला.

आणि विमान मागे बसलं. एकदम नाही, हळूच. म्हातारं माणूस खुर्चीत टेकतं तसं. पुढचं चाक उचललं गेलं, नाक वर, शेपूट फरशीवर. 'कर्रर्र' असा आवाज. अध्यक्ष आकाशाकडे तोंड करून, हात अजून हलवण्याच्या बेतात. मग मागच्या रांगेतला एक म्हातारा वैमानिक म्हणाला, "उडालं की!" आणि हशा पिकला तो आवरेना.

मला हसता येईना. पाना काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते नुसते पुटपुटत होते, "फायबरचं... अहो, फायबरचं ते... आत पोकळ..."

तेव्हा कळलं. सबंध आयुष्य विमानांत घालवलेली ही माणसं! इतकी वर्षं इंजिनाची वाट पाहिली, इंजिन दिसलं आणि इतकी हरखली की त्याला वजन नाही हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. इंजिन आलं, म्हणून गोण्या काढल्या! दोघांनी पानाच्या डब्यासारखं उचलून आणलं होतं ते इंजिन, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी अंगठा चोळत बसले.

अध्यक्षांना खाली उतरवायला बराच वेळ लागला. नाकावर चौघे लटकले तेव्हा कुठे पुढचं चाक जमिनीला टेकलं. अध्यक्षांना काही झालं नाही. शेपटीला पोचा. उतरल्यावर पहिलं वाक्य – "बाई, सही तुमची आहे."

२४ नोव्हेंबर, रविवार

वृत्तपत्रात फोटो. अध्यक्ष आकाशाकडे बघताहेत. खाली ओळ: पंचविसाव्या वर्षी पिवळ्या विमानाचं पुन्हा उड्डाण.

गर्दी एवढी की तिकिटं संपली. सगळ्यांना एकच विचारायचं – "पडलेलं कुठलं?" आज कोणी "उडतं का" विचारलं नाही, तेवढीच विश्रांती.

अध्यक्षांचा फोन. नाकात मंडळींनी काय काय कोंबून ठेवलंय ते सगळं बाहेर काढा, भंगारात घाला, आणि ओतीव लोखंडाची मोजून वजनं बसवा. उद्या बंद आहे, उद्याच. "तुमच्या देखरेखीखाली. नाहीतर मला दुसरी व्यवस्था बघावी लागेल." म्हणजे माझी नोकरी.

विमानानं आधी रविवार खाल्ले, रविवारांबरोबर नवरा. आता नोकरी खायला निघालं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सावकाश लिहिते. नाहीतर रागाने कागद फाटेल.

हँगरमध्ये पाना काका आणि मी, दोघेच. त्यांनी शेपटीखाली टेकू दिला आणि फायबरचं इंजिन काढलं. मागे एक पत्र्याची पेटी, विमानाच्या सांगाड्याला बोल्टने घट्ट बांधलेली, वर पत्रा रिव्हेट मारून बंद. काका म्हणाले, "वहिनी, गोण्या परत भरतो. हवं तर आणखी दोन भरतो. पण ही पेटी राहू दे."

मी म्हटलं, अध्यक्षांनी सगळं काढायला सांगितलंय.

"त्यात भंगार नाही हो."

मग काय आहे? काकांचा पाना या हातातून त्या हातात. मग म्हणाले, विमान आलं तेव्हा नाकात भरायला काही नव्हतं. त्यावर ह्यांनी सुचवलं – हो, ह्यांनीच – की प्रत्येकाने आपापल्या घरून एक जड लोखंडी वस्तू आणायची. वाळू कोणाचीही असते, घरचं लोखंड घातलं की विमान आपलं होईल. पुढे तो रिवाजच पडला. जो नवीन येईल त्याने घरून काहीतरी आणायचं, त्याशिवाय हातात हातोडी मिळायची नाही. बायकांना सांगायचं नाही, हाही रिवाज. "कारण वस्तू बऱ्याचदा बायकांच्याच असायच्या," काका म्हणाले आणि हसले. मी हसले नाही.

"उघडा," मी म्हटलं.

रिव्हेट काढायला वेळ लागला. वर कोळशाची इस्त्री. मंडळींतल्या रंगकाम करणाऱ्या काकांच्या आईची. शिवणयंत्राचं चाक. तराजूचं पाच किलोचं वजन, कोणाच्या तरी बंद पडलेल्या दुकानातलं. काका एकेक वस्तू फडक्यावर ठेवत होते, एकेकाचं नाव घेत होते. त्यातले बरेच जण आता नाहीत. माझाही राग थोडा निवळत चालला होता, हे खरं.

मग तळातून त्यांनी दोन हातांनी एक वस्तू उचलली. काळी, जड. फडक्यावर ठेवली तेव्हा फरशी वाजली. आत बत्ता, चिंधीत गुंडाळलेला.

कडेला टवका.

काका म्हणाले, "ही सगळ्यात पहिली. त्याची. म्हणाला, घरी कोणी वापरत नाही, ओट्याखाली पडून असतो."

मी म्हटलं, काका, हा माझ्या सासूबाईंचा आहे. मी हा भंगारात घातला म्हणून मी अकरा वर्षं ऐकून घेतेय.

काकांनी पाना खिशात ठेवला. मग परत काढला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," म्हणाले. मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "दोन आठवड्यांनी आला होता तो. म्हणाला, काढू या का रे? घरी जरा गडबड झालीय. तोवर पत्रा ठोकून झाला होता. मी म्हटलं, काढतो की, त्यात काय. तर विचार करून म्हणाला, नको. आता काढला तर सांगावं लागेल."

सांगावं लागेल.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

भांडी!

ती भांडी मायेची नव्हती. समजूतदारपणाची नव्हती. मी अकरा... नाही, हे गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हा आठ वर्षं! आठ वर्षं मी पदराला हात पुसत मनात म्हणायचे, किती समजून घेतात मला. आणि हे साबण लावून आपलं पाप धूत होते. आई बोलतेय, बायको रडकुंडीला आलीय, आणि ह्यांच्या तोंडातून एक वाक्य निघत नाही. "आई, मी नेला." तीन शब्द. विमानाचे सगळे स्क्रू मोजून ठेवणारा माणूस!

आज दिवसभर पिवळ्या विमानापुढून जाताना मान फिरवली. खलबत्ता माझ्या कार्यालयाच्या कपाटात ठेवलाय. घरी न्यायचं धैर्य होत नाही. म्हणजे धैर्य होतं, पण मग सासूबाईंना सांगायचं काय? तुमच्या मुलानं नेला? जो आता बाजू मांडायला नाही?

आणि मी भांडू कोणाशी? फोटोशी? संध्याकाळी खरंच फोटोपुढे उभी राहिले. म्हटलं, बोला. नेहमीसारखेच गप्प.

परवा सासूबाई जाणार. त्या गेल्यावर हे कधीच सांगता येणार नाही. खोटी ठरून राहायचं नाही मला. ह्यांची लाज झाकायची म्हणून तर मुळीच नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

नेला. पिशवीत घालून, रिक्षाने. मांडीवर ठेवून.

सासूबाई पलंगावर बसून साड्यांच्या घड्या घालत होत्या. उद्याची बॅग अर्धी भरलेली. मी पिशवी समोर ठेवली, खल बाहेर काढला, बत्ता बाजूला ठेवला. म्हटलं, "घ्या. हा तुमचा. मी भंगारात घातलेला."

इतकी वर्षं हे वाक्य मनात घोटलं होतं. त्या रडतील, किंवा चिडतील, किंवा चुकले गं म्हणतील, असं काय काय ठरवलं होतं. त्यांनी नुसतं टवक्यावरून बोट फिरवलं. कुठे सापडला, हेसुद्धा विचारलं नाही.

मग म्हणाल्या, "चिंधी कुठाय? बत्त्याला चिंधी होती."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. चिंधी मी कार्यालयात काढून टाकली होती. चिंधीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"खडखड आवाज होऊ नये म्हणून त्यानं गुंडाळली. रविवारी सकाळी. तू अंघोळीला होतीस. पाऊस नव्हता आणि हा रेनकोट घेऊन निघाला, आत दोन हातांनी काहीतरी धरून. मी खिडकीत होते."

मी खाली बसले. फरशीवरच.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"आई आहे मी त्याची."

"मग मला का बोलत होता? इतकी वर्षं? रोज?"

त्यांनी साडीची घडी मोडली, परत घातली. "त्याला विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. मग मला त्याच्यावर रागवावं लागलं असतं. परत आण म्हणावं लागलं असतं. आठवडाभर ते मीटर, मीटर... रविवारीच काय तो हसत घरी यायचा."

"आणि मी?"

"तुला भांडता येतं," त्या म्हणाल्या. "त्याला कुठं येत होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रडू आलं, हसू आलं, काय आलं ते मला सांगता येत नाही. दोघं! मायलेक दोघं! दोघांनाही माहीत होतं, दोघांनीही एकमेकांना कळू दिलं नाही, एकमेकांना सांभाळलं – आणि मध्ये मला ठेवलं. खलात. वरून बत्ता.

खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच – "ते गेल्यावर तरी थांबायचं होतं."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "थांबले असते तर त्याचा विषयच निघाला नसता ह्या घरात. तू तर त्याचं नाव काढत नाहीस."

काढत नाही. खरं आहे.

उठताना त्यांनी खल माझ्याकडे सरकवला. "ने परत. त्यानं ठेवला तिथं ठेव. तुमचं विमान पडलं म्हणे तो जाड माणूस बसला म्हणून. पेपरात होतं."

मी त्यांना फोटो दाखवला नव्हता. पेपर त्या रोज वाचतात आणि मला सांगतात डोळ्यांना दिसत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

खलबत्ता परत नाकात गेला, नवी चिंधी बांधून. इस्त्री, चाक, वजन, सगळं त्यावर. गोण्याही. पाना काकांनी पत्रा ठोकला. शेवटचा रिव्हेट मी मारला, जरा जास्तच जोरात. अध्यक्षांना कळवलं, वजन भरलं, मोजलं, मागे तुम्ही बसलात तरी पडणार नाही. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एवढं ह्यांच्याकडून शिकले.

निघायच्या आधी सकाळीच दिरांना फोन केला होता. म्हटलं, भाऊजी, गाडी आणू नका. आई कुठेही जाणार नाहीत.

"का हो वहिनी? काय झालं?"

म्हटलं, अकरा वर्षं त्या बोलल्या. आता माझी पाळी आहे.